ऊन सगळ्यांना सारखंच

सूक्ष्मशैवालावर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्यातल्या शैवालावर, काम करणाऱ्या प्रत्येकाने नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाचं अल्गीपार्क हे संशोधन केंद्र एकदा तरी बघावं, असं मला मनापासून वाटतं. २०११ साली ते सुरू झालं. शैवाल वाढवायच्या चार तऱ्हा तिथे आहेत: उघडा वाहता तलाव, आडव्या नळ्या, उभ्या रचलेल्या नळ्या आणि सपाट पॅनेल, म्हणजे पातळ पारदर्शक उभ्या टाक्या; प्रत्येकी २४ चौरस मीटरवर, शेजारी शेजारी. ऊन-पाऊस सगळ्यांना एकच, म्हणून तुलना खरी.

माझा जीव पॅनेलांवर. शैवाल दाट झालं की पारदर्शक भिंतीलगतच्या पेशींना ऊन भरपूर, आतल्यांना अंधार. म्हणून पाण्याचा थर पातळ ठेवायचा, खालून हवेचे बुडबुडे सोडून ते सतत ढवळायचं. लांब नळ्यांत भलताच त्रास: शैवालाने सोडलेला ऑक्सिजन साचतो नि वाढच मंदावते. कागदावर हे कितीही वाचा, शेजारी उभं राहिल्यावरच नीट कळतं.