ओलाव्याला अडवताना: आमची वाटचाल

भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावी वडिलांचे लेथचे दुकान होते. भातगिरण्यांचे शाफ्ट आणि पंपांची दुरुस्ती एवढ्यावरच घर चालत असे. जवाहरनगरची आयुध निर्माणी जिल्ह्यातच असली, तरी रॉकेटच्या कामाशी आपला कधी संबंध येईल असे आम्हाला वाटले नव्हते. नागपूरकडच्या एका ग्राहकाने घन इंधनाच्या रॉकेट मोटरच्या प्रज्वलकासाठी, म्हणजे इंधन पेटवणाऱ्या भागासाठी, सच्छिद्र डबी आणि तिचे हवाबंद आवरण करून मागितले, तेथून हे काम सुरू झाले.

विजेच्या प्रवाहाने स्क्विब, म्हणजे ठिणगी देणारी छोटी पेटवणी, पेटते, तिच्यामुळे डबीतील ज्वलनशील मिश्रणाच्या गोळ्या पेट घेतात आणि त्यांतून उडणारे तप्त कण व वायू इंधनाचा सारा पृष्ठभाग क्षणार्धात पेटवतात. या कामासाठी पूर्वी काळी दारू (बंदुकीची दारू) वापरत. पुढे बोरॉन आणि पोटॅशियम नायट्रेटचे अधिक उष्णता देणारे मिश्रण रूढ झाले. मात्र दमट हवेत बोरॉनवर हळूहळू बोरिक आम्ल धरते, त्यामुळे मिश्रण कितीही सुधारले तरी डबीत ओल शिरली की ते श्रम वाया जातात, असे माझे ठाम मत आहे.

हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. पावसाळ्यानंतर ग्राहकाच्या चाचणीत प्रज्वलन उशिरा झाले आणि आमचा अख्खा लॉट परत आला. वडिलांनी दुकानात ठेवलेली नमुन्याची रिकामी, बंद डबी गरम पाण्यात बुडवून धरली. बराच वेळ काहीच दिसले नाही, आणि मग झाकणाच्या कडेपाशी टाचणीच्या टोकाएवढा एकच बुडबुडा आला. सोल्डर तेथे नीट धरले नव्हते.

त्यानंतर आम्ही सोल्डर सोडून वेल्डिंगकडे वळलो आणि प्रत्येक डबीची हेलियमने गळतीचाचणी करून घेऊ लागलो. छिद्रांची बर, म्हणजे छेद पाडताना कडेला राहिलेली धातूची धारदार कोर, काढण्याचे काम गावातील चार बाया भिंगाखाली करतात; राहिलेली बारीकशी बरही आतले पातळ पत्र्याचे अस्तर फाडते, म्हणून ते काम मी घाईने होऊ देत नाही. स्फोटक दारू मात्र आमच्या शेडमध्ये कधीच येत नाही, कारण १८८४ च्या स्फोटक कायद्याखालील परवाना आमच्याकडे नाही. भरणी ग्राहकच करतो.

यंदा वीस रिकाम्या डब्या आत ओल शोषणारे सिलिका जेल ठेवून बंद केल्या आहेत आणि धानाच्या बांधीलगतच्या पडवीत मांडल्या आहेत. दिवाळीनंतर त्या उघडून जेलचे वजन करणार आहोत.