केटोच्या गावी चीजकेक

रोममधल्या एका कॅफेच्या फळ्यावर, चीजकेकच्या किमतीच्या वरच, ‘इ. स. पू. ७७६ च्या ऑलिम्पिकमधील खेळाडूंचा आहार’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते आणि ते वाचून मला चीड आली. या दाव्याला त्या काळातला एकही लेखी आधार नाही. शिवाय काचेमागे मांडलेला केक ज्या क्रीम चीजचा होता, ते न्यूयॉर्क राज्यात १८७२ च्या सुमारास तयार होऊ लागले. ग्रीकांकडे चीज आणि मधाचे केक होते, यात शंका नाही. अथेनियस या प्राचीन ग्रीक लेखकाने एजिमियससारख्या काही ग्रंथकारांची नावेही दिली आहेत, ज्यांनी केक करण्याच्या कलेवर लिहिले होते. पण ते ग्रंथ काळाने गिळले. वजनमापासकट हाती लागणारी कृती हवी असेल, तर इ. स. पू. १६० च्या सुमारास शेतीवर पुस्तक लिहिणाऱ्या रोमन केटोकडेच जावे लागते.

त्याचे जन्मगाव टस्क्युलम म्हणजे फ्रास्कातीच्या वरचा डोंगर. रोमहून फ्रास्कातीला लोकलगाडी अर्ध्या तासात पोचवते. पुढचा चढ मात्र पायी आणि भर उन्हात, वाटेत पाण्याचा थेंब नाही. ११९१ मध्ये रोमकरांनीच हे गाव उद्ध्वस्त केले. आता दगडी नाट्यगृह उरले आहे आणि गर्दी अजिबात नाही, एवढ्यावरच मी ते सगळे कष्ट माफ केले.

खरा लाभ झाला तो मुक्कामाच्या घरी. घरमालकीणबाईंना केटोची ‘लिबुम’ या चीज-केकची कृती तोंडपाठ होती: दोन रोमन पौंड, म्हणजे साधारण साडेसहाशे ग्रॅम चीज खलात नीट घोटायचे, त्यात एक पौंड पीठ (केक अधिक हलका हवा असेल तर अर्धाच पौंड, पण उंची प्रतीचे) आणि एक अंडे घालून मळायचे, गोळ्याखाली पाने पसरायची आणि तापलेल्या चुलीवर मातीच्या झाकणाखाली सावकाश भाजायचे. बाईंनी मेंढीच्या दुधाचे ताजे चीज घेतले आणि लॉरेलची (तमालपत्रासारखी सुवासिक) पाने कुंपणावरून तोडून आणली. चुलीऐवजी ओव्हन होता, झाकण म्हणून मातीचे भांडे पालथे घातले. ते उचलले तेव्हा वरचा भाग तडकून तांबूस झाला होता आणि तळाशी पानांच्या शिरांचे ठसे उमटले होते, अगदी आपल्या पानगीवर केळीच्या पानाचे उमटतात तसे. चव खारट-दुधाळ, गोडाचा लवलेश नाही, कारण या कृतीत मधच नाही.

मध येतो तो केटोच्याच ‘साविलुम’ या दुसऱ्या केकमध्ये. त्यात पिठाच्या पाचपट चीज, पाव पौंड मध आणि एक अंडे असते. तेल लावलेल्या मातीच्या थाळीत ते झाकून भाजायचे, मग वरून मध चोपडून खसखस भुरभुरायची आणि पुन्हा थोडा वेळ झाकणाखाली ठेवायचे. थाळी तशीच चमच्यासह वाढावी, असेही केटो बजावतो. याच पुस्तकात म्हातारे बैल आणि म्हातारे गुलाम विकून टाकावेत, असा सल्ला आहे. इतक्या कोरड्या, हिशेबी माणसाने खसखस कधी भुरभुरावी याची एवढी काळजी वाहावी, हे वाचून मी चक्रावून गेलो. बाईंना मात्र त्यात काहीच विशेष वाटले नाही. त्यांच्या मते कंजूष माणसेच खाण्याच्या बाबतीत काटेकोर असतात.

पुढचे दिवस संग्रहालयांत गेले. निघण्याआधी रोमच्या जुन्या ज्यू वस्तीत, जिच्याभोवती १५५५ मध्ये पोप चौथ्या पॉलच्या फर्मानानंतर भिंत उभी राहिली, रिकोटा (एक मऊ ताजे चीज) आणि आंबट चेरीचा तिथला प्रसिद्ध टार्ट खाल्ला. रांग लांबलचक, विकणारीच्या कपाळावर आठ्या आणि टार्टची वरची बाजू जवळजवळ करपलेली; तरीही आतला रिकोटा इतका मऊ आणि चेरी इतकी झणझणीत आंबट होती की मी मुकाट्याने पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.