कॅम्पेन चेस्ट: पितळेआधी स्क्रू बघा

चोर बाजारातून आणलेल्या कॅम्पेन चेस्टचा वरचा भाग खोलून झाला. ब्रिटिश फौजेतले अधिकारी मोहिमेवर आपलं सामान स्वखर्चाने नेत, त्यांच्यासाठी ही ड्रॉवरची पेटी दोन तुकड्यांत बनायची. पाय पिळून काढायचे, तुकडे वेगवेगळे उचलायचे. हँडल लाकडात खोल बसवलेली, म्हणजे गुंडाळताना-बांधताना कुठे अडकत नाहीत. अठराव्या शतकातली पॅरिसची कोमोड, म्हणजे दिवाणखान्यातली ड्रॉवरची पेटी, संगमरवरी माथा आणि सोनेरी मुलाम्याचं ब्राँझ मिरवते. तिचा थाट मोठा, पण माझा जीव या प्रवासी पेटीवरच. हिच्या कोपऱ्यांवरचं पितळसुद्धा आधी धक्के खायला आहे, शोभेला नंतर.

विकणाऱ्याने ही ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ची म्हणून सांगितली होती. ब्रिटिश अधिकाऱ्यांची ती सहकारी संस्था 1871ची, तिचं मुंबईतलं दुकान 1891चं. कोपऱ्याची पट्टी सोडवली आणि हातात आलेला स्क्रू वेगळंच सांगू लागला: टोक बोथट, डोक्यावरची खाच मध्यावरून सरकलेली, आटे कमी-जास्त अंतरावर. 1850च्या आसपास यंत्रावरचे टोकदार स्क्रू रुळले, त्याआधीचा हा माल. अर्थात एका स्क्रूवर वय ठरवू नये, पट्ट्या नंतर बदललेल्या असू शकतात. म्हणून खालचं लाकूड नीट पाहिलं. दुसरी भोकं नाहीत, पट्टीच्या आकाराची महॉगनी तेवढी गडद लाल राहिलीय, बाकीची उजेडाने फिकी पडलीय. पट्ट्या मूळच्याच, असं माझं मत झालंय.

ड्रॉवरचे डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे सांधे, हाताने कापलेले आहेत, आखणीची रेघ अजून दिसते. बाजूंच्या खालच्या कडा मात्र घासून तिरक्या झाल्यात, त्यामुळे ड्रॉवर पुढे झुकतो. झिजलेला भाग रंध्याने सरळ करून जुन्या महॉगनीची पट्टी सरसाने चिकटवली. सरसच वापरा. पुढे कुणाला दुरुस्ती करायची झाली तर गरम पाण्याने सुटतो. पृष्ठभागाला काचपेपर लावलेला नाही, लावणारही नाही. जुन्या लाखेच्या पॉलिशवर मेण पुरेल. पितळही आरशासारखं चकचकीत करणार नाही.

पाय हरवलेत. तळाला आट्यांची भोकं शाबूत आहेत, तोंडाशी साधारण सव्वा इंच. कातारी पाय कातून देईल, पण लाकडात तसेच आटे पाडायचं हत्यार त्याच्याकडे नाही. कुणाकडे मूळ पायांची चेस्ट असेल तर पायाची उंची आणि एका इंचात किती आटे बसतात, एवढं मोजून कळवा.