क्रॉसचा फोटो

१२ जानेवारी २०२४. अटल सेतूचं उद्घाटन त्याच दिवशी, त्यामुळे आमच्या दैनिकाचे जुनेजाणते फोटोग्राफर तिकडे पांगलेले. मरीन ड्राइव्हवरचा हवाई दलाचा शो माझ्या गळ्यात पडला. तोवर मी मोर्चे आणि मैदानं टिपलेली. म्हटलं, विमान एवढं मोठं असतं, चुकणार कसं?

पहिल्या दहा मिनिटांतच कानांनी दगा दिला. आवाज आला म्हणून मान वळवावी, तर तिथे नुसतं आभाळ. विमान किलोमीटरभर लांब असलं तरी आवाज पोचायला तीन सेकंद लागतात, तेवढ्यात ते कुठल्या कुठे! हवाई दलाच्या ‘सारंग’ चमूची ध्रुव हेलिकॉप्टरं त्या मानाने निवांत. तिथे वेगळीच गंमत, शटर फार वेगात ठेवलं की पाती गोठतात आणि हेलिकॉप्टर दोरीला टांगल्यासारखं दिसतं.

मग सूर्यकिरण, हवाई दलाचा विमानी कसरतींचा चमू. नऊ लाल-पांढरी हॉक विमानं, एकमेकांना चिकटून. ते जमलं, नवांचा थवा टिपायला फार अक्कल लागत नाही. पण डेस्कला हवा होता क्रॉस. दोन विमानं समोरासमोर येतात, आता आदळणार असं वाटतं आणि कापत निघून जातात, तो क्षण. मी बटण दाबूनच ठेवलं. सेकंदाला दहा फ्रेम. घरी पाहिलं तर एका फ्रेममध्ये दोघं एकमेकांकडे झेपावतायत, पुढच्या फ्रेममध्ये पाठ करून चाललेत. मधलं काहीच नाही.

“अरे, भांडण झालंय का त्यांचं?” फोटो एडिटर म्हणाले.

रात्री ऑफिसातल्या काकांनी (आम्ही सगळेच त्यांना काका म्हणतो) चहाच्या कागदी कपावर हिशोब मांडला. प्रत्येकाचा वेग ताशी ५०० किलोमीटर धर. दोघं मिळून सेकंदाला पावणेतीनशे मीटरने जवळ येतात. म्हणजे तुझ्या दोन फ्रेमच्या मध्ये अठ्ठावीस मीटर. हॉकची लांबी साडेबारा मीटर, दोन मिळून पंचवीस. “सगळा क्रॉस तुझ्या दोन फ्रेमच्या फटीतून निघून गेला, बाळा. आणि उभा कुठे होतास?”

“चौपाटीच्या बाजूला. गर्दी कमी होती.”

काकांनी कपाळावर हात मारला. ती विमानं काही एका रेषेत उडत नाहीत, मध्ये बाजूचं अंतर राखलेलं असतं. ऐन समोरून बघणाऱ्यालाच ती आदळल्यासारखी दिसतात. वैमानिक सगळं बेततात ते मधल्या प्रेक्षकांसाठी. कडेला उभं राहिलं की गणित फिसकटतं.

शनिवारी साडेनऊलाच निवेदकाच्या मंडपासमोरचा कठडा धरला. उन्हाने डोकं तापलं, शेजारच्या आजोबांनी चिक्की दिली. क्रॉसच्या वेळी दोन्हींचा नाद सोडून डावीकडच्या एकालाच लेन्समध्ये धरलं. उजवीकडून काहीतरी लाल शिरलं, बोट आपोआप दाबलं गेलं. एका फ्रेममध्ये एकाचं नाक दुसऱ्याच्या शेपटीवर. थोडं हललेलं, पण आहे.

कठड्यावर बसूनच पाठवला. पाच मिनिटांनी उत्तर आलं:

“चालेल. आणि फोटोखालच्या ओळीत ‘हॉक’ लिही. काल ‘सुखोई’ छापून गेलंय.”