दोन ॲम्प्यूल म्हणजे किती?

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू होता. धंतोलीतल्या आमच्या हॉस्पिटलच्या आयसीयूत नागपूरच्या उन्हाळ्यात जशी गर्दी असते तशीच होती. बहुतेक बेडवर उष्माघाताचे पेशंट, आणि कोपऱ्यातल्या बेडवर काटोलकडून आलेले एक संत्राबागायतदार काका. मुतखडा अडकून लघवीत संसर्ग झाला होता आणि तो रक्तात पसरला होता. सेप्टिक शॉक. युरॉलॉजिस्टनी संध्याकाळीच स्टेंट टाकून वाट मोकळी केली होती, अँटिबायोटिक सुरू होतं, सलाइन भरपूर गेलं होतं. तरी बीपी स्वतःच्या जोरावर टिकत नव्हतं. ते टिकवायचं काम नॉरॲड्रिनॅलिन करत होतं. रक्तवाहिन्या आवळून बीपी वर ठेवणारं हे औषध सिरिंज पंपातून थेंबाथेंबाने सतत जात असतं.

माझी नाइट होती. ओव्हर, म्हणजे ड्यूटीचा ताबा, घेताना मी पंपाचा रेट पुन्हा मांडून बघते, आधीच्या सिस्टरवर कितीही विश्वास असला तरी. काकांना उभं करून वजन घेणं शक्य नव्हतं. मुलाला विचारलं तर म्हणाला, "साठेक किलो असन." साठ धरलं. डोस ०.२ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. गुणिले साठ किलो म्हणजे मिनिटाला १२ मायक्रोग्रॅम, तासाला ७२०. सिरिंजमध्ये ५० मिलीत ८ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलीत १६० मायक्रोग्रॅम. ७२० ला १६० नी भागलं की ४.५. पंपावर ४.५ मिली प्रति तास होतं. जुळलं. आर्टेरियल लाइनवर, म्हणजे धमनीतल्या नळीतून सतत दिसणारं बीपी, ९२/५४; मीन, म्हणजे सरासरी दाब, ६६ च्या वर. ६५ च्या खाली जाऊ द्यायचं नव्हतं.

मध्यरात्रीनंतर सिरिंज संपत आली. वॉर्डातला नॉरॲडचा साठा त्या दिवशी गर्दीत संपला होता, म्हणून मुलाला चिठ्ठी देऊन मेडिकलवर पाठवलं होतं. खालच्या दुकानात नव्हतं. तो बिचारा मोटरसायकल घेऊन दुसरीकडून घेऊन आला. चिठ्ठीवर होतं ते एवढंच: इंजेक्शन नॉरॲड्रिनॅलिन, २ मिली, पाच ॲम्प्यूल (इंजेक्शनच्या काचेच्या छोट्या कुप्या).

मी तेव्हा शेजारच्या बेडवर इंट्युबेशनमध्ये, पेशंटच्या श्वासनलिकेत नळी घालण्यात, गुंतले होते. नवी सिरिंज आमच्या ब्रदरने (पुरुष नर्सने) भरली आणि दुसऱ्या सिस्टरने तपासली. चार्टवर आमच्याकडे वर्षानुवर्षं जसं लिहिलं जातं तसंच लिहिलेलं होतं: "नॉरॅड २ ॲम्प इन ५०". दोघांनी दोन ॲम्प्यूल मोजले, ४६ मिली डायल्युएंट (औषध पातळ करायचं द्रावण) मोजलं, सही केली. चार्टने जे सांगितलं ते त्यांनी तंतोतंत केलं. सिरिंजसुद्धा नीट बदलली, दुसऱ्या पंपावर आधी चालू करून मग जुनी काढली.

थोड्या वेळात अलार्म वाजला. ७०/४०. मीन ५०.

सिरिंज बदलताना बीपी थोडं डुगडुगतं, हे आयसीयूत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. नॉरॲड्रिनॅलिनचं अर्धायुष्य अवघं दोन-अडीच मिनिटांचं. क्षणभर पुरवठा तुटला तरी आकडा घसरतो, आणि पुन्हा मिळाला की चढतोही तितक्याच पटकन. आरएमओ सरांनी, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी, रेट ६ करायला सांगितला, मी केला. ट्रान्सड्युसर (धमनीतला दाब मोजणारं यंत्र) हृदयाच्या पातळीला आहे ना बघितलं, झीरो केलं, दंडावर कफ बांधून वेगळं बीपी घेतलं. कफही तेच सांगत होता. थ्री-वे (नळ्या जोडायची तोटी) उघडा, लाइनला पीळ नाही, सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेतल्या कॅथेटरमधून) रक्त नीट परत येतंय. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मीन जेमतेम ५५ ला जाऊन थांबला.

सर म्हणाले, "सिस्टर, पेशंट बिघडतोय. व्हॅसोप्रेसिन काढा." बीपी वाढवायचं हे दुसरं औषध.

त्यांचं चुकत नव्हतं. ६ मिलीचा हिशेब कागदावर ०.२७ येतो, आणि ०.२५ च्या पुढे गेलं की दुसरं औषध जोडायचं हा रुळलेला मार्ग आहे. पण मला एक गोष्ट पटत नव्हती. बदलामुळे आलेली घसरण असती तर एव्हाना भरून निघाली असती. आणि संसर्गच बळावला असता तर त्याने नेमकी सिरिंज बदलण्याचीच वेळ का साधावी? बदललं होतं ते एकच. मी ब्रदरला म्हटलं, "व्हॅसोप्रेसिन काढ, पण आधी त्या रिकाम्या ॲम्प्यूल दे. फेकल्या नाहीस ना?"

ट्रेमध्येच होत्या. कालच्या कंपनीची एक जुनी ॲम्प्यूलही शार्प्सच्या (सुया-काचा टाकायच्या) डब्याशेजारी सापडली. दोन्ही २ मिलीच्या, दोन्हींवर ठळक अक्षरात २ मिलिग्रॅम प्रति मिली. टॉर्च मारून खालची बारीक ओळ वाचली. जुनीवर होतं: नॉरॲड्रिनॅलिन बायटार्ट्रेट, नॉरॲड्रिनॅलिन २ मिलिग्रॅम इतकं. नवीवर: नॉरॲड्रिनॅलिन बायटार्ट्रेट २ मिलिग्रॅम, म्हणजेच नॉरॲड्रिनॅलिन १ मिलिग्रॅम.

इथे थोडं थांबून सांगते, कारण ट्रेनिंगमध्ये हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नुसतं नॉरॲड्रिनॅलिन बाटलीत टिकत नाही, म्हणून ते टार्टरिक ॲसिडशी जोडून क्षाराच्या रूपात देतात. मूळ औषधाचा, ज्याला बेस म्हणतात, रेणुभार साधारण १६९, या क्षाराचा सुमारे ३३७. म्हणजे २ मिलिग्रॅम क्षारात काम करणारं औषध १ मिलिग्रॅमच असतं. एक कंपनी मोठ्या अक्षरात औषधाचं वजन छापते, दुसरी क्षाराचं. दोघीही खरंच लिहितात. दोन जुन्या ॲम्प्यूलमध्ये ८ मिलिग्रॅम होतं, दोन नव्यांमध्ये ४. ५० मिलीची सिरिंज तीच, पण एका मिलीत १६० च्या जागी ८० मायक्रोग्रॅम. काकांना मिळत होतं ०.१३, आणि आम्ही सगळे ०.२७ समजून त्यांची तब्येत जोखत होतो.

सरांना दोन्ही ॲम्प्यूल दाखवल्या. त्यांनी लेबल वाचलं, मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "आत्ता नऊ करा." ८० गुणिले ९, तासाला ७२०. पुन्हा ०.२. काही मिनिटांत मीन ६० च्या पुढे सरकला, मग ६७. व्हॅसोप्रेसिन ट्रेमध्येच राहिलं.

पण काम इथे संपत नाही, आणि खरा धोका मला पुढेच वाटत होता. फिकी सिरिंज ९ वर चालू आहे. आता योग्य सिरिंज भरायची: चार ॲम्प्यूल म्हणजे ८ मिली, वर ४२ मिली डायल्युएंट. पाच आणल्या होत्या, दोन संपल्या, उरल्या तीन. मुलाला पुन्हा धावायला लावलं. ती नवी सिरिंज कुणी सवयीने त्याच ९ वर लावली असती तर काकांना एकदम दुप्पट डोस गेला असता. शिवाय लाइनमध्ये फिकं औषध भरलेलं. एक्स्टेन्शनमध्ये (सिरिंजपासून कॅथेटरपर्यंतच्या नळीत) १ मिली जरी अडकलेलं असलं तरी ४.५ च्या रेटने ते बाहेर पडायला तेरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ पंपावरचा आकडा आणि काकांच्या शिरेतला आकडा वेगळे राहिले असते. म्हणून नवी एक्स्टेन्शन घेतली, ती नव्या औषधाने शेवटच्या टोकापर्यंत भरली, कॅथेटरच्या अगदी जवळच्या थ्री-वेला जोडली, ४.५ वर सुरू केली, बीपी चढायला लागलं तशी जुनी उतरवत बंद केली. ब्रदर मोठ्याने आकडे म्हणत होता, मी मॉनिटरवरून नजर हलवली नाही.

मुलगा दाराशी उभा होता. सगळी धावपळ त्याने काचेतून बघितली होती. "सिस्टर, म्या आणलेली दवाई डुप्लिकेट निघाली का?"

त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी त्याला आत, स्टेशनपाशी बोलावलं. दोन्ही ॲम्प्यूल त्याच्या हातात दिल्या. म्हटलं, दादा, दवाई अस्सल आहे, तुमच्याकडून काही चुकलं नाही. हे वाचा, आणि हे वाचा. त्याने दोनदा वाचलं. बागेत फवारणीची औषधं मिसळणारा माणूस, त्याला सांगायला वेळ लागला नाही. "म्हणजे हिच्यात जोर निम्मा हाये," तो म्हणाला. "मंग चिठ्ठीवर तसं लिहून देत जा ना. दुकानवाला तर जे हाये ते देऊन रायला."

सकाळी इन्चार्ज मॅडमना मी सगळं लेखी दिलं आणि दोन्ही ॲम्प्यूल सोबत ठेवल्या. ब्रदरला किंवा त्या सिस्टरला जाब विचारू नका, हेही त्यात लिहिलं. माझं मागणं एवढंच होतं की चार्टवर "२ ॲम्प इन ५०" लिहिणं बंद करा. ॲम्प्यूल हे माप नाही. ऑर्डर मायक्रोग्रॅममध्ये असते, मग सिरिंजच्या लेबलवरही एका मिलीत किती मायक्रोग्रॅम बेस तेच हवं, आणि भरणाऱ्याने व तपासणाऱ्याने ते आपापलं वेगळं काढायला हवं. एकाने केलेलं उत्तर दुसऱ्याने नुसतं बघून मान डोलावणं ही तपासणी नव्हे. मॅडमनी स्टिकर छापून घेतले. त्यावर बेसचे एकूण मिलिग्रॅम, एकूण मिली, एका मिलीत मायक्रोग्रॅम, वजन, आणि कंपनी बदलली का याचा एक चौकोन आहे. मेडिकलच्या चिठ्ठीवर आता आम्ही "नॉरॲड्रिनॅलिन बेस, एकूण इतके मिलिग्रॅम" असं लिहितो. काही दुकानदार फोन करून विचारतात, हे काय नवीन? त्यांना ॲम्प्यूलवरची खालची ओळ वाचून दाखवायला सांगते.

काकांचा रेट पुढच्या दोन दिवसांत अर्ध्या अर्ध्या मिलीने उतरत गेला आणि नॉरॲड बंद झालं.