बंदूक वाजलीच नाही

आमच्या बीटवर शिकार आधी कानाला कळते. भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, फुटली की शिवारातली कुत्री उठतात, जागलीवरचे लोक बॅटऱ्या मारतात आणि कुणाचा तरी फोन येतोच, "मॅडम, नाल्याकडं बार झाला." वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या पट्ट्यात गवताळ माळ आणि शेतं एकमेकांत मिसळलेली आहेत. वनरक्षक एकटी, बीट केवढं तरी. लोकांच्या कानांवरच सगळी भिस्त. गेल्या हरभऱ्याच्या हंगामात ती भिस्तच मोडली.

पहाटे पोलिसांच्या नाकाबंदीत एक चारचाकी सापडली. डिकीत पोत्याखाली दोन मेलेले ससे, सीटमागे लांब कापडी पिशवीत छर्ऱ्याची हवेची बंदूक, एअर रायफल. गाडीत शहरातली तीन पोरं. त्यांचं उत्तर तयार होतं: ससे पारध्याकडून विकत घेतले, बंदूक निशाणेबाजीची आहे, तिला लायसन लागत नाही.

ससा मेला की आमच्या खात्याची जीप आजही आधी पारध्यांच्या बेड्यावर जाते, आणि ही पोरं तेच ओळखून होती. मला याची चीड येते. फाशात अडकलेल्या सशाच्या मानेवर किंवा पायावर दोरीचा वळ असतो. या दोघांच्या अंगावर वळ नव्हता. कानामागच्या केसांत बारीक भोक होतं, फुंकर मारून केस बाजूला केल्याशिवाय दिसणार नाही एवढं.

लायसनचं मात्र खरं होतं. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतची नळी आणि 20 जूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणजे ससा मारायला मोकळीक आहे, असं ती पोरं मनापासून धरून चालली होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सशाला नुसतं जखमी करणं, तसा प्रयत्न करणंसुद्धा शिकारच आहे.

तिसरा ससा सकाळी तुरीच्या ओळीत एका बाईला दिसला. छर्रा कमरेत घुसलेला, मागचे पाय ओढत चाललेला. उचलताना तो ओरडला. ससा ओरडतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, कारण एरवी तो तोंडातून आवाज काढत नाही. तान्ह्या लेकराचं रडणं आणि ते ओरडणं यात फरक करता येत नाही. मानेवरचा काळा पट्टा रक्तानं चिकटला होता आणि उन्हाच्या बाजूनं कानाच्या पाळीतली एकेक शीर दिसत होती. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला. डॉक्टरांनी चिमट्यानं छर्रा काढला: शिशाचा, मध्ये बारीक, मागून पोकळ.

त्या शेताला लागून आबाजींची जागल होती. रोही आणि रानडुकरांपायी ते रात्रभर मचाणावर जागे असतात. त्यांनी गाडी पाहिली, बॅटरीचा झोत पाहिला. बंदुकीचं विचारलं तर म्हणाले, "बार नाई झाला, मॅडम. वल्लं पोतं पडल्यावानी थप् झालं, दोनतीन डाव."

एका पोराच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ होता. चेहरे नाहीत, नुसता झोतातला हरभरा. 'टक्' असा खणखणीत आवाज होतो आणि पहिला ससा आडवा होतो. दुसरा चार हात अंतरावर कान ताठ करून उठून बसतो, इकडंतिकडं बघतो आणि पुन्हा खाली मान घालून खायला लागतो. माझ्या डोक्यातून जात नाही ते हे. पाऊल, कुत्रं, घुबडाची झेप यांना ससा पळतो. भरमारीच्या एका बारानंतर त्या शेतात रात्रभर ससा दिसत नाही. त्या टक् मध्ये मात्र त्याच्या ओळखीचं भय नव्हतं.

बचावाच्या वकिलांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. व्हिडिओत आवाज स्पष्ट आहे, मग दोनशे पावलांवरच्या जाग्या माणसाला तो का आला नाही? म्हणजे व्हिडिओ दुसरीकडचा.

ऐकायला पटतं, पण या बंदुकीचं गणित वेगळं आहे. स्प्रिंगच्या बंदुकीत स्प्रिंग सुटते, पिस्टन आपटतो, त्याचा खडखडाट होतो. ही पीसीपी होती, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. हिच्या टाकीत दोनशे 'बार' (हे दाबाचं माप) इतक्या दाबानं हवा भरतात. आत आपटायला पिस्टन नाही. आवाज मुख्यतः नळीच्या तोंडाशी सुटणाऱ्या हवेचा, आणि तोही इथं नळीवर चढवलेल्या दुसऱ्या जाड नळीत अडकून मंदावतो. राहिला छर्रा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा 20 जूलनं सुटला तरी सेकंदाला 280 मीटरच्या आसपासच जातो. आवाजाचा वेग 340 च्या जवळ, म्हणून आवाजापेक्षा जोरात जाणाऱ्या गोळीचा होतो तसा हवेत कडाका होत नाही. मोबाईल बंदुकीला लागून होता, त्याला टक् ऐकू आलं. आबाजी सशाच्या बाजूला होते, त्यांना छर्रा अंगात शिरल्याचं थप् ऐकू आलं.

तालुक्यातल्या नेमबाजीच्या प्रशिक्षकांना तसल्याच बनावटीची बंदूक घेऊन मी त्याच शेतात रात्री बोलावलं. ओल्या मातीचं पोतं ठेवलं, आबाजी मचाणावर, वेळ त्यांना सांगितली नाही. बंदुकीशेजारच्या मोबाईलवर टक् आला. आबाजींनी दर वेळी हात वर केला तो पोत्यावर छर्रा बसल्यावर.

हे कोर्टात चालणार नाही, असं आमचे साहेब म्हणतात. प्रयोगशाळेचा अहवाल पुरे, असं त्यांचं मत. नळीतल्या आट्यांचे ओरखडे छर्ऱ्यावर उमटतात, ते जुळतीलही. पण त्यानं बंदूक आणि ससा जोडला जाईल, व्हिडिओ आणि ते शेत नाही. ते आबाजींच्या थप् नंच जोडलं जाईल, आणि न ऐकलेल्या बाराची खोटी साक्ष त्यांनी दिली नाही याचीच आता त्यांना शिक्षा होते आहे.

पंचांसमोर रीतसर चाचणी घ्यावी म्हणून मी अर्ज दिला आहे. उभ्या पिकात आवाज वेगळा जातो, मोकळ्या रानात वेगळा. त्या शेतातला यंदाचा हरभरा घाट्यावर आलाय. तो सोंगायच्या आत ही चाचणी व्हायला हवी.