तुम्ही विचारलंत म्हणून: काउबॉयच्या कमरेला हे पिस्तूल कुठून आलं?

दर गणपतीला आमच्याकडे टेक्ससमध्ये आरती झाली की कोणीतरी माझे फोटो बघून विचारतंच, की बाकी सगळ्यांच्या कमरेला रिव्हॉल्वर आणि तुझ्याच कमरेला ते फौजेतलं पिस्तूल, हे काय प्रकरण आहे? आता तुम्हीपण विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

काउबॉय ॲक्शन शूटिंग म्हणजे अर्धं नाटक, अर्धी शर्यत. हॅट, बूट, दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर (दर गोळीला मागचा हॅमर अंगठ्याने ओढावा लागतो ती), एक लिव्हरची रायफल, एक शॉटगन, समोर स्टीलच्या प्लेट आणि कानाशी टायमर. प्लेट हुकली की ५ सेकंद वाढतात. प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागतं, माझं सांगत नाही, हसाल. ग्रीन कार्ड येईपर्यंत मी तिथे नुसता प्लेटांना रंग मारायला जायचो, एच-वनवर बंदुकीची भानगड कशाला उगाच.

पण दोन वर्षांत कंटाळा आला. कारण सगळे वेळेच्या मागे, मग धक्का कमी बसावा म्हणून काडतुसात दारू इतकी कमी भरतात की प्लेटवर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. याच खेळाचा वाइल्ड बंच म्हणून एक भाऊ आहे. त्यात रिव्हॉल्वरऐवजी १९११ मॉडेलचं पिस्तूल, तेच फौजेतलं, पॉइंट ४५ इंच मापाचं, रायफल किमान पॉइंट ४० ची, आणि शॉटगन म्हणजे १८९७ ची विंचेस्टर पंप किंवा मॉडेल १२. आणि गोळीत दम हवा: वजन ग्रेनमध्ये (गोळ्या मोजायचं छोटं माप) गुणिले वेग सेकंदाला किती फूट तो, भागिले १०००, उत्तर निदान १५० आलं पाहिजे. २०० ग्रेनची गोळी असेल तर ७५० फुटांचा वेग, म्हणजे प्लेट चांगली ठणकते. गंमत म्हणजे हे पिस्तूल आणि १८९७ ची शॉटगन दोन्ही एकाच माणसाची, जॉन ब्राउनिंगची. इतिहासाचं कारण देऊन नाही म्हणायला कोणाला जागाच नव्हती.

तरी क्लबच्या मीटिंगमध्ये वाइल्ड बंच सुरू करायचा विषय काढला आणि आपटलो. एक आजोबा, वय पंचाहत्तर असेल, म्हणाले की हे काउबॉय नाही. मी तारखा सांगत बसलो, माझीच चूक. खरी अडचण मला नंतर पार्किंगमध्ये कळली, ती काडतुसांच्या पुंगळ्यांची होती! रिव्हॉल्वरच्या रिकाम्या पुंगळ्या जागेवर राहतात, मोजून खिशात टाकून घरी न्यायच्या आणि परत भरायच्या. १९११ मात्र त्या उजवीकडे गवतात फेकून मोकळं होतं. पै पै करून रीलोडिंग करणाऱ्या माणसाला ते बघवत नाही, आणि मला ते पटलं, कारण माझी आजी दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन ठेवायची.

मग वाद बंद केला. पुढच्या महिन्यात मॅच संपल्यावर, लोक गाडीत सामान भरत असताना, रेंजच्या शेवटच्या कप्प्यात एकच स्टेज, म्हणजे प्लेट मारायची एक फेरी, लावलं, पिस्तूल माझं, काडतुसं माझी, खाली निळी ताडपत्री. या आणि मारून बघा. सुरुवातीला मॅगझिन (गोळ्यांची डबी) आत पण चेंबर (नळीमागची गोळीची जागा) रिकामं, हॅमर खाली, पिस्तूल बाहेर काढून प्लेटच्या दिशेला वळवलं की मगच स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढायची.

एक गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती, नाही सुचली. रिव्हॉल्वरवाले डाव्या अंगठ्याने हॅमर ओढतात, त्यामुळे तो अंगठा सवयीने उजव्या हातावरून मागे आडवा पडलेला असतो, आणि १९११ ची स्लाइड दर गोळीला नेमकी तिथेच मागे येते. पहिल्याच माणसाची साल निघाली. जखम छोटीच पण रक्त भरपूर, मी घामाघूम, तो मात्र बँडेड लावून परत रांगेत. त्यानंतर त्या दिवशी सगळ्यांना एका हाताने मारायला लावलं, डावा हात पट्ट्यात खुपसून. वेळ गेला खड्ड्यात.

आजोबा सगळ्यात शेवटी आले. ७ गोळ्या, ७ प्लेट, हळूहळू. काही बोलले नाहीत, गुडघे धरून खाली वाकले आणि ताडपत्रीवरच्या पुंगळ्या मोजायला लागले. सहाच सापडल्या. सातवी आम्ही दोघांनी मिळून गवतात पंधरा मिनिटं शोधली.

आता महिन्यातून एकदा शेवटची दोन स्टेज वाइल्ड बंचची असतात. ताडपत्री आजोबा आणतात, माझ्यापेक्षा मोठी.